फाइल काय सांगते, माणूस काय सांगतो

जरा कल्पना करा. आपला रूममेट रोज रात्री आपल्या बोलण्याची टिपणं काढतो आणि गुपचूप कुठल्याशा ऑफिसात पोचवतो. कोण भेटायला आलं, कुठला रेडिओ ऐकला, मेसमध्ये सरकारवर कोणता जोक मारला... सगळं तारीख-वारासकट! गंमत वाटते ना? पूर्व जर्मनीत मात्र चाळीस वर्षं हे खरोखर चालू होतं.

१९४९ साली जर्मनीचे दोन देश झाले. पूर्वेकडे कम्युनिस्ट पक्षाची सत्ता आली आणि १९५० मध्ये तिथलं गुप्त पोलीस खातं उभं राहिलं, स्टासी. १९८९ मध्ये या खात्यात सुमारे ९१ हजार पगारी नोकर होते, आणि पावणेदोन लाखांच्या वर खबरे. देशाची लोकसंख्या जेमतेम १ कोटी ६० लाख! ९ नोव्हेंबर १९८९ ला बर्लिनची भिंत उघडली. १५ जानेवारी १९९० ला लोक थेट स्टासीच्या बर्लिनमधल्या मुख्यालयात घुसले. तोवर कर्मचाऱ्यांनी बरेच कागद फाडून पोत्यांत भरले होते. तरी जे हाती लागलं ते एका रांगेत लावलं तर सुमारे १११ किलोमीटर भरतं. १९९२ पासून ज्याला त्याला आपली फाइल बघता येऊ लागली. वेरा वोलेनबर्गर या कार्यकर्तीला तर कळलं की ‘डोनाल्ड’ या नावाने आपल्यावर नजर ठेवणारा खबऱ्या म्हणजे आपला नवराच!

आता कोणी म्हणेल, एवढे कागद आहेत तर इतिहास लिहायला आणखी काय पाहिजे? पण फाइलमध्ये माणूस कुठे गेला ते मिळतं, तो गप्प का बसला ते मिळत नाही. शिवाय लिहिणाऱ्याला साहेबाला खूश ठेवायचं असतं. म्हणून लागतो मौखिक इतिहास.

याची पद्धत साधी, पण चिकाटीची. समोरच्याला आधी सगळं आयुष्य त्याच्या क्रमाने सांगू द्यायचं, मध्ये तोंड घालायचं नाही. मग जिथे गाळलेल्या जागा दिसतील तिथे प्रश्न विचारायचे. शेवटी ते कागदपत्रांशी ताडून बघायचं.

१९८७ मध्ये, म्हणजे भिंत शाबूत असताना, लुट्झ नीटहामर, अलेक्झांडर फॉन प्लाटो आणि डोरोथी वीर्लिंग या पश्चिमेकडच्या तिघा अभ्यासकांनी सरकारी परवानगी काढून पूर्वेच्या कारखानदारी भागात लोकांच्या मुलाखती घेतल्या. पुस्तक आलं १९९१ मध्ये. या टेप मोलाच्या आहेत, कारण बोलणाऱ्यांना शेवट ठाऊक नव्हता. नंतरचा प्रत्येक जण ‘हे कोसळणारच होतं’ हे माहीत असताना बोलतो. त्याही आधी देशातल्या देशात साराह किर्शने १९७३ मध्ये आणि मॅक्सी वांडरने १९७७ मध्ये बायकांशी टेपरेकॉर्डरवर बोलून पुस्तकं काढली होती. नोकरी, नवरा, मुलं, कंटाळा... वर्तमानपत्रात न येणारं बरंच काही त्यांत आलं.

लोक सांगतात तरी काय? ट्राबांट गाडीसाठी दहा-दहा वर्षं नंबर लावून बसल्याचं सांगतात. (दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, २६ हॉर्सपॉवर, आणि बॉडी कापसाचा चोथा अन् रेझिनची!) घरात पडदे ओढून पश्चिमेचा टीव्ही बघायचा, पण शाळेत अवाक्षर काढायचं नाही. अनेक जणांच्या तोंडी एक गोष्ट आहे: बाई वर्गात सहज विचारायच्या, बातम्यांच्या वेळी टीव्हीवर दिसणारं घड्याळ कसं असतं रे? पोराने पश्चिमेच्या घड्याळाचं वर्णन केलं की घरचं बिंग फुटलं! पहिलीतल्या पोराला दोन प्रकारे बोलायला शिकवणं म्हणजे काय, ते अशा आठवणीतून कळतं.

आणि हेच लोक पुढच्या वाक्यात सांगतात की नोकरी जाण्याची भीती नव्हती, पाळणाघर होतं, शेजारी अडीअडचणीला धावून यायचे. कामगाराचा पोरगा शिकून कारखान्यात वर चढला, तर तो त्या राज्याबद्दल कडू कसा बोलेल? कैद भोगलेला माणूस वेगळंच सांगणार. बर्लिनच्या होहेनशोनहाउझेन तुरुंगात आता स्मारक आहे आणि तिथे पूर्वीचे कैदीही लोकांना कोठड्या दाखवतात. यातलं खोटं कोणाचं? कोणाचंच नाही.

आठवण चुकते, हे खरं. तारखा सरकतात, ऐकलेलं पाहिलेलं वाटू लागतं. पण लॅबमध्ये आपण काय करतो? मीटरमध्ये झिरो एरर निघाली म्हणून मीटर फेकत नाही, एरर किती ते शोधून रीडिंग सुधारतो. फाइल आणि आठवण ही तशीच दोन मीटर आहेत. दोन्हींत एरर आहे, पण वेगवेगळ्या जातीची, म्हणून एकावरून दुसरं तपासता येतं.

फक्त घाई आहे. कामाचं प्रमाण वाढवलं म्हणून १७ जून १९५३ ला रस्त्यावर उतरलेले, रणगाडे बघितलेले कामगार आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतील. भिंत उघडली तेव्हा आपल्या वयाचा असलेला पोरगा आज पन्नाशी उलटून गेलाय. १११ किलोमीटर कागद अजून शंभर वर्षं वाट बघतील. माणसं बघणार नाहीत, त्यांना आत्ताच विचारायला हवं.