कॉलेजबाहेरची गाडी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

लेक्चर सुटलं की अंधेरीच्या भवन्सपासून मुलुंडच्या वझे-केळकरपर्यंत मुलांची पावलं बाहेरच्या गाड्यांकडे वळतात. मे 2024 मध्ये मानखुर्दला गाडीवरचा शोरमा खाल्ल्यानंतर विषबाधा होऊन 19 वर्षांच्या तरुणाचा जीव गेला. तरीही गाड्यांवर सरसकट फुली मारणं हा उपाय नव्हे. नेमकं काय पाहायचं, ते कळायला हवं.

गैरसमज: गाडीवरचं वाईट, कँटीनचं चांगलं.
वस्तुस्थिती: धोका ठरतो पाणी, हात आणि वेळ यांवरून. समोर तळलेला वडा गरम खाल्लात, तर तो सकाळपासून काउंटरवर ठेवलेल्या सँडविचपेक्षा सुरक्षित. मात्र त्यासोबतची हिरवी चटणी शिजवलेली नसते. ती कुठल्या पाण्यात वाटली, ते विचारा.

गैरसमज: पुन्हा गरम केलं की झालं.
वस्तुस्थिती: 5 ते 60 अंश सेल्सिअसमध्ये जंतू झपाट्याने वाढतात. चायनीजच्या गाडीवर तासन्‌तास उघडा राहिलेला भात परतला, तर जंतू मरतील, पण त्यांनी आधीच सोडलेलं विष नेहमीच्या आचेने नष्ट होत नाही. अशा अन्नाला वासही येईलच असं नाही.

गैरसमज: बर्फात जंतू मरतात.
वस्तुस्थिती: थंडीत त्यांची वाढ थांबते, पण बरेचसे जिवंत राहतात. खाण्याचा नसलेला बर्फ ओळखू यावा म्हणून महाराष्ट्रात 2018 मध्ये त्यात निळा रंग घालणं सक्तीचं झालं. सरबतात निळसर बर्फ दिसला तर ते पिऊ नका.

गैरसमज: शेवटी खाल्लं तेच बाधलं.
वस्तुस्थिती: काही विषबाधा तासाभरात दिसतात, साल्मोनेलाला 6 तास ते 3 दिवस लागतात, तर टायफॉइड आणि दूषित पाण्यातली कावीळ काही आठवड्यांनीही उमटते. डॉक्टरांना मागच्या अनेक दिवसांचं खाणं सांगा.

गैरसमज: कायदा फक्त हॉटेलांना.
वस्तुस्थिती: 2006 चा अन्न सुरक्षा व मानके कायदा फेरीवाल्यांनाही लागू आहे. वडापाव वर्तमानपत्रात बांधून देण्यासही मनाई आहे, कारण शाईतली रसायनं अन्नात उतरतात.

कागद बदलणं विक्रेत्याच्या हातात आहे, पण नळ नसलेल्या फुटपाथवर तो हात कसे धुणार? म्हणून कॉलेजांनी आणि महापालिकेने आपल्या दारातल्या या विक्रेत्यांना स्वच्छ पाणी आणि प्रशिक्षण द्यावं. आणि विद्यार्थ्यांनो, गरम, ताजं आणि झाकलेलं असेल तेच मागा. गिऱ्हाईकाने आग्रह धरला की विक्रेताही बदलतो.