वाऱ्यावरचे तुडतुडे

जुलै १९६७. जपानच्या दक्षिणेस, किनाऱ्यापासून सुमारे ५०० कि. मी. दूर समुद्रात असलेल्या एका हवामान-जहाजाभोवती तुडतुड्यांचे थवेच्या थवे दिसले. जेमतेम चार-पाच मि. मी. लांबीचा हा कीटक तेथे पोचला कसा?

भाताचा रस शोषणारा तपकिरी तुडतुडा जपानच्या हिवाळ्यात तग धरत नाही. तरी दरवर्षी जून-जुलैत तो तेथे हजर! उत्तर व्हिएतनाममधून वसंतात दक्षिण चीन, तेथून पावसाळी वाऱ्याबरोबर जपान, असा हा पिढ्यापिढ्यांचा प्रवास. पंख तुडतुड्याचे, वेग वाऱ्याचा. वारा सेकंदाला १० मीटर असेल, तर चोवीस तासांत किती अंतर होईल? गुणाकार करून पाहा : ८६४ कि. मी.!

१९९० नंतरच्या दशकात इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक भातशेतीत आले. ते किडीच्या मज्जासंस्थेवर घाव घालते. २००३ पासून मात्र आशियात त्याचा प्रभाव ओसरू लागला. ‘किडीला औषधाची सवय झाली’ असे आपण म्हणतो, ते बरोबर नाही. ज्या तुडतुड्यांत हे विष मोडणारे विकर जन्मतःच अधिक, ते फवारणीतून वाचतात आणि पुढे त्यांचीच प्रजा शेत व्यापते. मग लांब पंखांचे तुडतुडे वाऱ्यावर स्वार होतात!

म्हणजे क्यूशू बेटावरच्या शेतकऱ्याने कितीही जपून फवारणी केली, तरी त्याच्या शेतात उतरते ती दुसऱ्यांच्या फवाऱ्यांतून तावून-सुलाखून निघालेली कीड. म्हणूनच जपानी संशोधक व्हिएतनाममधलेही तुडतुडे तपासतात. एकेकाच्या पाठीवर औषधाचा सूक्ष्म थेंब ठेवायचा आणि किती मरतात ते मोजायचे.