यकृताचा कर्करोग पुन्हा उद्भवला तर

धाराशिव जिल्ह्यातील परंडा आणि भूम हे तालुके कर्करोगाच्या अभ्यासकांना परिचित आहेत. शेजारच्या बार्शी तालुक्यासह येथील गावोगावच्या कर्करुग्णांची नोंद १९८७ पासून ठेवली जाऊ लागली. ग्रामीण भारतातील ही पहिली नोंदणी. तेव्हापासून उपचार पुष्कळ पुढे गेले. तरीही शस्त्रक्रियेनंतर यकृताचा कर्करोग पुन्हा आढळला, की ‘आता काही उरले नाही’ असे घरचे धरून चालतात. ही बहुधा घाई ठरते.

परत येणे हा या रोगाचा स्वभावच आहे. गाठ काढल्यावर पाच वर्षांत सुमारे ७० टक्के रुग्णांत तो पुन्हा दिसतो. कारण गाठ गेली, तरी ज्या रोगट यकृतात ती उपजली ते तेथेच असते. दुसऱ्यांदा पोट उघडणे पूर्वी जिवावरचे काम होते. आता गाठ तीन सेंटिमीटरपर्यंत असेल, तर सोनोग्राफी किंवा सी.टी. स्कॅनच्या आधारे त्वचेतून सुई थेट गाठीत नेऊन रेडिओलहरींच्या वा मायक्रोवेव्हच्या उष्णतेने ती जाळता येते. मोठ्या रक्तवाहिनीलगत वाहते रक्त ही उष्णता हिरावून नेते. तेथे मायक्रोवेव्ह अधिक उपयोगी. गाठ सोयीच्या जागी असल्यास दुर्बिणीतून, लहान छिद्रांवाटे तो भाग काढतात. मात्र उरलेले यकृत सुदृढ हवे. कावीळ झाली असेल किंवा पोटात पाणी साठले असेल, तर हे मार्ग बहुधा बंद होतात.

सारा प्रश्न त्या तीन सेंटिमीटरांचा आहे. एवढी गाठ सहसा दुखत नाही. ती ठरलेल्या तपासणीतच सापडते. पहिली दोन वर्षे साधारणतः दर तीन-चार महिन्यांनी स्कॅन आणि ‘एएफपी’ ही रक्ततपासणी सांगितली जाते. पण दिवाळीचा हंगाम येतो, लग्नसराई येते आणि तारीख पुढे जाते. बँकेचा हप्ता कधी न चुकवणारी घरेही ही तारीख चुकवतात!

‘आमच्या घरात मद्याला स्पर्श नाही, यकृताला काय होणार?’ हा समजही व्यापारी जैन कुटुंबांत घट्ट रुजलेला आहे. हिपॅटायटिस बी व सी यांचे विषाणू मद्याची वाट पाहत नाहीत. मधुमेह, स्थूलता आणि दिवसभर गादीवर बसून यकृतात साठणारी चरबीही नाही. रुग्णाला ‘बी’ची लागण असेल, तर पत्नी, भावंडे व मुले यांचीही रक्ततपासणी करून घ्यावी. लागण नसलेल्यांना लस घेता येते. प्रौढांना ती साधारणतः तीन मात्रांत दिली जाते.