डग्ग्याला किती अँपिअर?

मैफलीत ध्वनिमुद्रित केलेलं तबल्याचं एकलवादन. पेशकार निवांत चालला होता तोवर काही अडलं नाही. पुढे रेला सुरू झाला, घरमालकांनी आवाज थोडा वाढवला, डग्ग्याचा घुमार दाटून आला आणि ‘टक्’ होऊन खोली एकदम गप्प झाली. रिसीव्हरच्या पडद्यावर ‘प्रोटेक्ट’ हा शब्द लुकलुकत राहिला.

“बघा, दर वेळी इथंच मान टाकतो,” घरमालक म्हणाले. “तीनशे वॉटचा एखादा अँप सुचवा, म्हणजे कटकट मिटेल.”

घर सदाशिव पेठेतलं, दुसरा मजला. बँकेतून निवृत्त झालेल्या या गृहस्थांनी हौसेने घेतलेले स्पीकर हॉलच्या दोन कोपऱ्यांत उभे होते : कमरेएवढ्या उंचीचे, प्रत्येकात दोन वूफर आणि एक ट्वीटर. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ दुकानात बसणाऱ्या दुरुस्तीकाराने वॉटच्या प्रश्नाला उत्तरच दिलं नाही. त्याने पिशवीतून मोजपट्टी काढली. “काका, तुम्ही बसता कुठे?” खुर्ची ते स्पीकर अंतर भरलं ३ मीटर.

मग वर्तमानपत्राच्या कडेला हिशेब सुरू झाला. स्पीकरच्या माहितीपत्रकात संवेदनशीलता होती ८६ डेसिबल, पण ती २.८३ व्होल्टला, १ मीटरवर. २.८३ व्होल्ट म्हणजे ८ ओहमला १ वॉट आणि ४ ओहमला २ वॉट. हे स्पीकर ४ ओहमचे, म्हणजे एका वॉटला खरे ८३च. अंतरामुळे आवाज घटतो, पण बंद खोलीत भिंती तो परत फेकतात, म्हणून घट ६ धरली. दोन स्पीकर मिळून ३ परत आले. खुर्चीत बसलेल्या माणसाला प्रत्येकी १ वॉटमध्ये ८० डेसिबल. घरात एवढा आवाज भरपूर झाला.

“म्हणजे मी इतकी वर्षं एका वॉटवर ऐकतोय?”

“सरासरीने, हो. पण तबला सरासरीने वाजत नाही.”

मैफलीच्या मोकळ्या ध्वनिमुद्रणात एखादी थाप सरासरीच्या १५-२० डेसिबल वर उडी मारते. ३ डेसिबलला ताकद दुप्पट लागते, १० ला दहापट, २० ला शंभरपट. एका वॉटवर रमतगमत चाललेल्या अँपला त्या क्षणापुरते १०० वॉट काढून द्यावे लागतात. रिसीव्हरच्या खोक्यावर १०० वॉट लिहिलेलेच होते. त्याखालची बारीक अक्षरं मात्र चष्मा पुसून वाचावी लागली : ६ ओहम, १ किलोहर्ट्झ, एकच चॅनल चालू, १० टक्के डिस्टॉर्शन. खोक्यावर ‘पीएमपीओ’चे हजारो वॉट मिरवणाऱ्या टेपरेकॉर्डरच्या जमान्यापेक्षा हे बरंच प्रामाणिक म्हणायचं. अमेरिकेत तर अशा फुगवलेल्या आकड्यांना आवर घालण्यासाठी १९७४ मध्ये सरकारी नियम करावा लागला होता.

रिसीव्हरच्या पाठीवरची पाटी आणखी बोलकी निघाली. सात चॅनलचे मिळून ७०० वॉट देऊ करणारं हे यंत्र भिंतीतून घेतं ४५० वॉट. पाटीवरचा आकडा ठरावीक चाचणीतला असतो, कमाल मर्यादा नव्हे, पण आतला ट्रान्सफॉर्मर केवढा असेल याचा अंदाज त्यावरून येतो. सोसायटीच्या टाकीसारखंच हे. एक नळ उघडा असेल तर धार छान, सकाळी आठला सगळ्यांनी उघडले की करंगळीएवढी.

आता स्पीकरची पाळी. मागच्या बाजूला छापलं होतं ‘४ ते ८ ओहम’. हे म्हणजे ‘दक्षिणा यथाशक्ती’ म्हटल्यासारखं झालं. दुरुस्तीकाराने स्पीकरच्या मालिकेत १० ओहमचा रेझिस्टर जोडला, लॅपटॉपवरून एकेका कंप्रतेचा सूर सोडत व्होल्टेज मोजत गेला आणि इंपीडन्सचा आलेख कागदावर उतरवला. २ किलोहर्ट्झला १२ ओहम. ६० हर्ट्झला १९. आणि ११० हर्ट्झजवळ, डग्ग्याचा घुमार जिथे भरतो त्याच टापूत, २.८. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे ४ ओहम म्हणवणाऱ्या स्पीकरने ३.२ च्या खाली उतरायचं नसतं.

२० व्होल्टला ४ ओहममधून ५ अँपिअर वाहतात, २.८ मधून ७ च्या वर, आणि लाटेच्या माथ्यावर १०. रिसीव्हर तिथेच गुडघे टेकत होता. ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर ते डोळ्यांना दिसलं : आवाज चढवत नेला तसे गोल माथे करवतीने छाटल्यासारखे सपाट झाले. हे क्लिपिंग. ट्वीटर बऱ्याचदा जळतात ते यातूनच. लहान अँप रेटत नेला की छाटलेल्या लाटेतले तीक्ष्ण स्वर आणि वाढलेली सरासरी ताकद, दोन्ही त्या नाजूक कॉइलवर येऊन पडतात.

‘अवघड स्पीकर’ हा शब्द दुकानांत सरसकट वापरला जातो, आणि घोळ तिथेच होतो. बीबीसीने सत्तरच्या दशकात घडवलेला छोटा एलएस३/५ए घ्या. संवेदनशीलता जेमतेम ८३ डेसिबल, पण इंपीडन्स १५ ओहम. त्याला व्होल्ट लागतात, अँपिअर फारसे नाहीत, म्हणून माफक व्हॉल्व्ह अँपवरही तो खुशीत वाजतो. उलट ऐंशीच्या दशकातला अमेरिकन अपोजी सिंटिला, रिबनचा, १ ओहमवर चालणारा. १०० वॉटसाठी ८ ओहमचा स्पीकर साडेतीन अँपिअर मागतो, हा १०. क्रेलसारखे धिप्पाड अँप त्याच्या जोडीला लागत. आणि क्वाडचा १९५७ चा इलेक्ट्रोस्टॅटिक तिसऱ्याच जातीचा : कंपनीच्याच १५ वॉटच्या व्हॉल्व्ह अँपवर सुखी, जास्त व्होल्टेज दिलं तर पॅनलमध्ये ठिणगी पडून कामातून जाणारा. तीनशे वॉटचा हट्ट तिथे महागात पडला असता.

दुरुस्तीकाराने दुकानातून आणलेला स्टिरिओ अँप जोडला. कागदावर फक्त ८० वॉट, पण ८ ओहमला, दोन्ही चॅनल चालू असताना. ४ ओहमला १४०. उचलताना दोन हात लागत होते, आणि वजनाचा हा निकष दुरुस्तीकार अजूनही माहितीपत्रकाच्या आधी लावतो.

वायरही त्याने बदलली. अर्ध्या चौरस मिलिमीटरची बारीक वायर ५ मीटर नेली होती. जाऊन-येऊन ०.३४ ओहम, म्हणजे २.८ ओहमच्या खड्ड्यात एक दशांशाहून जास्त व्होल्टेज वाटेतच गळत होतं. अडीच चौरस मिलिमीटरच्या साध्या तांब्याच्या वायरीत ते ०.०७ वर आलं. हजारो रुपयांच्या चकचकीत केबलचा विषय घरमालकांनी काढून पाहिला, पण दुरुस्तीकार स्क्रू आवळत राहिला.

पुन्हा तोच रेला. चाट सुटी, घुमार अखंड. मीटरवर धरून ठेवलेला सर्वोच्च आकडा २६ व्होल्ट. तिहाई संपून टाळ्या पडल्या तेव्हा दुरुस्तीकाराने हीटसिंकवर तळहात ठेवला, मनात पाचपर्यंत मोजलं आणि मान हलवली.

निघताना त्याने जुनी बारीक वायर गुंडाळून टीपॉयवर ठेवली.

“फेकू नका काका, दाराच्या बेलला चालेल.”