लष्करातली कारकुनी

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात ‘चिटणीस की गोठ’ नावाची वस्ती आहे. ऑटोवाल्याला एवढा पत्ता पुरतो. चिटणीस म्हणजे कोण, हे त्याला ठाऊक नसतं आणि असायचं कारणही नाही. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या दक्षिणेला तळ टाकला. तो तळ पुढे उठलाच नाही, त्याचंच शहर झालं आणि नाव ‘लष्कर’ असंच राहिलं. सरदारांच्या नावाने बाजार वसले, फाळक्यांचा ‘फालका बाजार’ झाला आणि त्यांच्या बरोबरीने पत्रं लिहिणाऱ्या चिटणिसांचंही नाव एका वस्तीला मिळालं.

ग्वाल्हेरच्या मराठी माणसाबद्दल लिहायचं म्हटलं की गाणं येतंच. कृष्णराव शंकर पंडितांचं घराणं, ख्याल, तानसेनचा उत्सव. पण लष्करात वसलेली बहुतेक मराठी घरं गाण्यासाठी आली नव्हती. आधी शिपाईगिरीसाठी आली, मग हिशोबासाठी आणि पत्रासाठी राहिली. गायकांची चरित्रं झाली. कारकुनांची कोण लिहिणार? तरी हे शहर दीडशे-पावणेदोनशे वर्षं ज्या कामावर चाललं, ते काम माणसं कुठे आणि कशी शिकली, हा मला गाण्याइतकाच रंजक विषय वाटतो.

सुरुवातीच्या काळात शाळा नव्हती, उमेदवारी होती. मुंज झालेला, अक्षर बरं असलेला मुलगा काका-मामाच्या बोटाला धरून दफ्तरात जायचा आणि बिनपगारी बसायचा. घरी मोडीचा कित्ता गिरवून झालेला असे. कागदभर आडव्या रेघा आधी ओढायच्या, मग त्या रेघांखाली अक्षरं लटकवत न्यायची आणि बोरू शक्यतो उचलायचा नाही. समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकात पहिलाच समास लेखनक्रियेवर खर्च केला आहे. कागद, शाई, समास, ओळींमधलं अंतर असा सगळा तपशील त्यात आहे. संतवाङ्मयात कार्यालयीन सूचना सापडाव्यात याचं नवल वाटतं. पण त्या काळच्या मराठी मुलासाठी लिहिणं हीच नोकरीची पहिली पायरी होती, हे ध्यानात घेतलं की नवल उरत नाही.

दफ्तरात आधी नुसती नक्कल करायची. मग केलेली नक्कल मुळाशी ताडून पाहायची, ती रुजुवात. त्यानंतर बारनिशीत आल्या-गेल्या कागदाची नोंद. हे सगळं अंगवळणी पडल्यावर कधीतरी मसुदा हाती येई. मसुद्यात मायना चुकला तर पुढचा मजकूर कितीही चांगला असो, कागद परत. बरोबरीच्याला काय लिहायचं, वडीलधाऱ्याला काय, मातहताला काय, हे ठरलेलं असे. कालगणना तर दुहेरी होती. मराठी तिथी एकीकडे आणि शुहूर सन दुसरीकडे. त्या सनाचे आकडे अरबी शब्दांत, इहिदे, इसन्ने, सलास असे. महिने मुसलमानी चांद्रमासाचे. पंधरा वर्षांचं पोर हे सगळं डोक्यात ठेवून लिहीत असे आणि चुकलं की वरचा कारकून चारचौघांत कान उपटत असे.

या उमेदवारीतून निघालेला सगळ्यात मोठा माणूस म्हणजे दिनकरराव राजवाडे. जन्म १८१९ चा, देवरुखचा. घराणं आधीपासून शिंद्यांच्या चाकरीत. पंधराव्या वर्षी दिनकरराव ग्वाल्हेरच्या नोकरीत शिरले आणि एका मुलुखाच्या कारभारापर्यंत चढले. २९ डिसेंबर १८४३ रोजी महाराजपूर आणि पनियार इथे एकाच दिवशी शिंद्यांच्या फौजेचा पराभव झाला, त्यानंतर संस्थानाची तिजोरी आणि शिस्त दोन्ही बसल्या होत्या. १८५० नंतर दिवाणगिरी त्यांच्याकडे आली. जाचक पट्ट्या त्यांनी बंद केल्या, पोलीस आणि महसूल खाती नव्याने बसवली, पगार कापले आणि त्यात स्वतःचाही कापला. तुटीचा ताळेबंद शिलकेवर आणला. १८५७ च्या धामधुमीतही ते दिवाण होते, १८५९ साली पायउतार झाले. पुढे इंग्रज सरकारने त्यांना ‘सर’ केलं आणि १८७५ मध्ये मल्हारराव गायकवाडांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगातही बसवलं. आज त्यांच्याबद्दल वाचताना राजकारणच पुढे येतं. मला मात्र या सुधारणा एखाद्या हुशार अव्वल कारकुनाने केल्यासारख्या वाटतात. कुठला पैसा कुठल्या वहीतून निसटतो, हे ज्याने लहानपणी त्या वह्या उतरवल्या असतील त्यालाच दिसणार.

या शिक्षणाचं कौतुक करताना त्याचं दार किती अरुंद होतं हेही सांगायला हवं. दफ्तराची मराठी बाजू ब्राह्मण आणि कायस्थ प्रभू घरांकडे, फारसी बाजू उत्तरेकडच्या कायस्थांकडे. ज्याच्या घरात दफ्तर नाही त्याच्या मुलाने उमेदवारीला बसायचं कुणाच्या शेजारी? मुलींचा तर प्रश्नच नव्हता. बिनपगारी दोन-तीन वर्षं काढायची म्हणजे घरी खायला असलं पाहिजे, ही आणखी एक चाळणी.

माधवराव शिंदे १८९४ मध्ये पूर्ण अधिकारावर आले आणि हे चित्र पालटू लागलं. कागदाचा सोस असलेला असा संस्थानिक विरळाच. खात्यांनी कसं चालावं, अधिकाऱ्यांनी काय करावं, याबद्दलचे त्यांचे विचार ‘दरबार पॉलिसी’ नावाच्या खंडांत छापून निघाले. पंचवीस हजार चौरस मैलांच्या या संस्थानात जिल्ह्याचा अधिकारी ‘सुबा’ आणि त्याच्या वरचा ‘सर-सुबा’, अशी नावं जुनीच राहिली, पण खालची माणसं आता शाळेतून येऊ लागली. व्हिक्टोरिया कॉलेजातून इंग्रजी येणारे तरुण निघाले. काश्मिरी, बंगाली, पारशी मंडळी वरच्या जागांवर दिसू लागली; कैलास नारायण हक्सर हे त्यातलं ठळक नाव. महाराज बाड्यावरच्या आलीजाह दरबार छापखान्यातून नमुने छापून येत. छापील नमुना आल्यावर मायना पाठ असण्याची किंमत निम्म्याने उतरली. हिंदी आणि इंग्रजी पुढे सरकल्या, मोडी दफ्तरखान्यात जाऊन बसली. तिथल्यासारख्या जुन्या कागदांमधूनच आनंदराव भाऊ फाळके यांनी ‘शिंदेशाही इतिहासाची साधने’ काढली. ज्या लिपीवर आजोबांची नोकरी चालली, ती नातवाच्या हयातीत संशोधकांची झाली.

२८ मे १९४८ ला मध्यभारत राज्य झालं. ग्वाल्हेर आणि इंदूर यांच्यात राजधानीचं भांडण होतं, म्हणून राजधानी वर्षातले काही महिने इथे आणि काही तिथे अशी वाटून दिली. फायलींच्या पेट्या आणि बाबूंची बिऱ्हाडं ऋतू पाहून हलायची. मोती महालात सचिवालय होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला नवा मध्य प्रदेश झाला आणि राजधानी भोपाळला गेली. ग्वाल्हेरच्या वाट्याला उच्च न्यायालयाचं खंडपीठ, महसूल मंडळ, परिवहन, अबकारी आणि भूमी-अभिलेख आयुक्तांची कार्यालयं आली, आणि आलं महालेखापालांचं कार्यालय. मंत्री गेले, बाबू राहिले. इंदूरवाले यावरून अजून चिमटे काढतात. काढू देत.

झाशी रोडवरचं हे ‘एजी ऑफिस’ म्हणजे माझ्या मते ग्वाल्हेरची खरी कारकुनी शाळा. शेजारच्या पुलालाही लोक एजी ऑफिसचा पूल म्हणतात. राज्यातल्या सरकारी नोकरांच्या जीपीएफचा हिशोब इथे ठेवला जातो, त्यामुळे झाबुआ किंवा मंडल्याच्या शिक्षकालाही ग्वाल्हेर ठाऊक असतं. इथे लागलेल्या माणसाचं शिक्षण नोकरी लागल्यावर सुरू होई. सबॉर्डिनेट अकाउंट्स सर्व्हिसची, म्हणजे एसएएसची परीक्षा पास झाल्याशिवाय वरची खुर्ची नाही. या परीक्षेचा एक भाग पुस्तकांशिवाय आणि एक पुस्तकांसह. ‘पुस्तकं उघडून परीक्षा’ म्हटलं की बाहेरच्याला ती सोपी वाटते. प्रत्यक्षात फंडामेंटल रूल्सचे, ट्रेझरी कोडचे जाडजूड ग्रंथ समोर असूनही माणसं नापास होत. कारण नियम कुठल्या पानावर आहे, त्याखालची टीप त्याला कशी छेद देते आणि नंतरच्या दुरुस्तीची चिठ्ठी कुठे चिकटवली आहे, हे तीन तासांत शोधायचं असे. शिवाय सारांशलेखन आणि मसुद्याचा वेगळा पेपर. मोठ्या पत्रव्यवहाराचं सार चार ओळींत आणायचं आणि त्याला न चिडता, न झुकता उत्तर लिहायचं.

१९६०–७० च्या दशकांत लष्करातल्या मराठी घरांतून ‘एसएएस झाला’ हे वाक्य लग्नाच्या बाजारात डॉक्टर-इंजिनिअरच्या खालोखाल चालत असे. संध्याकाळी दोघे-तिघे सहकारी कुणाच्या तरी ओसरीवर नियमांची पुस्तकं घेऊन बसत आणि आधी पास झालेला एखादा शिकवायला येई. ही उमेदवारीच होती, फक्त आता ती आडनावावर अवलंबून नव्हती. १९६१ साली ग्वाल्हेरला कुसुमावती देशपांडे यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन भरलं, त्या सुमाराचं हे शहर. पाहुण्यांची यादी करायची, पावत्या फाडायच्या, हिशोब शेवटच्या पैशापर्यंत जुळवायचा, याला हा पगारी वर्ग शहरात आयता होता. अजूनही गणेशोत्सवाच्या जमाखर्चात त्याचं वळण ओळखू येतं.

एजी ऑफिसात शिरण्याआधीचा मुक्काम टायपिंग क्लास. जुन्या माळ्यावर लाकडी बाकं, त्यावर ओळीने रेमिंग्टन आणि गोदरेजची यंत्रं, तासावर फी. पहिले कित्येक दिवस डाव्या हाताने ए-एस-डी-एफ आणि उजव्याने सेमिकोलन-एल-के-जे. कळांकडे पाहिलं की मास्तर बोटांवर पुठ्ठा धरणार. हिंदी यंत्राचा त्रास निराळा. कित्येक अक्षरं अर्धी उमटायची आणि काना मारला की पुरी व्हायची. तीन कार्बन घालून टंकताना चूक झाली तर चारही प्रती खोडाव्या लागत, त्यामुळे चूक न करण्याकडेच कल असे. स्टेन्सिलवर चूक झाली की लाल द्रव लावून वाळेपर्यंत फुंकर मारत बसायचं. शॉर्टहँड इंग्रजीसाठी पिटमनची, हिंदीसाठी बहुधा ऋषि प्रणाली. बिर्लानगरच्या मिलच्या कार्यालयांत, बँकांत, वकिलांकडे आणि कोर्टाबाहेरच्या टेबलांवर हीच मुलं जात.

या क्लासांनी एक गोष्ट केली जी दरबाराने, कॉलेजाने किंवा एजी ऑफिसने इतक्या सहजपणे केली नव्हती. मुलींसाठी दार उघडलं. मॅट्रिक झालेली मुलगी लग्न ठरेपर्यंत घरी बसण्याऐवजी टायपिंगला जाऊ लागली. घरच्यांनाही ते चाललं, कारण क्लास जवळ, वेळ दिवसाची आणि शिक्षण ‘उपयोगाचं’. त्यातल्या बऱ्याच जणी लग्नानंतरही नोकरी करत राहिल्या. फालका बाजारातल्या किंवा दौलतगंजातल्या घरांत आज सत्तरीच्या पुढच्या ज्या पेन्शनर बायका भेटतात, त्यांच्या नोकरीची सुरुवात विचारून पाहा.

पण याच ठिकाणी शिकवणीतून एक गोष्ट गळली, आणि ती माझ्या मते पुन्हा भरून आली नाही. उमेदवार काय लिहायचं ते शिकत होता. टायपिंगच्या विद्यार्थ्याला दुसऱ्याने लिहिलेलं किती वेगाने उतरवायचं तेवढं शिकवलं गेलं. मिनिटाला शब्द किती, यावर सगळं मोजमाप आलं. एजी ऑफिसात पुढे मसुद्याचा पेपर तरी होता. कलेक्टर कचेरीत किंवा शिक्षण खात्यात लागलेल्याला तोही नव्हता. राज्य सरकारची लेखा प्रशिक्षण शाळा ग्वाल्हेरला आहे आणि तिचा उपयोग होतो, पण तिचा भर नावाप्रमाणे लेख्यावर. दिल्लीत केंद्र सरकारने १९४८ सालीच सचिवालयातल्या लोकांसाठी प्रशिक्षण शाळा काढली. जिल्ह्याच्या कारकुनासाठी तेवढा विचार झाला नाही.

पुढचा प्रवास भराभर झाला. गिरण्या बंद पडल्या, टाइपरायटर भंगारात गेले, क्लासांच्या पाट्यांवर ‘कॉम्प्युटर’ हा शब्द वाढला. बिर्लानगरच्या आयटीआयमधून ‘कोपा’, म्हणजे कॉम्प्युटर ऑपरेटर आणि प्रोग्रॅमिंग असिस्टंट, हा अभ्यासक्रम करणारी मुलं बाहेर पडू लागली. मध्य प्रदेशातल्या पॉलिटेक्निकांनी ‘मॉडर्न ऑफिस मॅनेजमेंट’ची पदविका सुरू केली. २०१५ मध्ये राज्याने कारकुनी जागांसाठी सीपीसीटी ही संगणक-प्रवीणतेची परीक्षा लागू केली: वस्तुनिष्ठ प्रश्न, मग इंग्रजी टंकन मिनिटाला किमान तीस शब्द, हिंदी वीस. गंमत अशी की हिंदीसाठी आजही पुष्कळ मुलं रेमिंग्टनचाच कळफलक निवडतात. यंत्र गेलं, त्याच्या कळांची मांडणी राहिली. परीक्षा खुली आहे, आडनाव विचारत नाही, भिंड-मुरैनाच्या गावातली मुलगी ती देऊन नोकरी मिळवू शकते. चिटणीस की गोठमध्ये दोनशे वर्षांपूर्वी हे कुणाला सांगितलं असतं तर त्याने हसून घालवलं असतं.

लष्करातल्या मराठी घरांतली मुलं मात्र आता या रांगेत फारशी दिसत नाहीत. ती पुण्याला, बंगळुरूला जातात. जी नवी मुलं ‘सहायक ग्रेड-३’ म्हणून रुजू होतात, त्यांच्यासमोर पहिल्याच आठवड्यात एक जाड नस्ती येते आणि तिच्या डाव्या बाजूच्या नोटशीटवर टीप लिहायची असते. आधीचा आदेश काय, नियम कुठला, पर्याय कोणते, शिफारस काय. हे सीपीसीटीत नसतं. पूर्वी शेजारच्या टेबलावरचे बडे बाबू पहिली टीप फाडून टाकत, दुसरी दुरुस्त करत, तिसरीवर सही होई. आता बरीच टेबलं रिकामी आहेत किंवा त्यांवर एजन्सीमार्फत आलेला ऑपरेटर आहे, ज्याला स्वतःलाच टीप लिहिता येत नाही. म्हणून नवा मुलगा जुन्या नस्त्या काढतो, तसल्याच प्रकरणावरची एखादी बरी टीप शोधतो, नाव आणि तारीख बदलतो आणि साहेबांपुढे ठेवतो.