पिशवीवर उणे ५, बाहेर ६ अंश आणि तरी रात्रभर कुडकुड: बाईक कॅम्पिंगची स्लीपिंग बॅग

आजचा भाग स्लीपिंग बॅगवर. घरात चार गोधड्या असताना बदलापूरच्या पोराला ही पिशवी कशाला हवी, असं आई अजून विचारते. तर आधी ती रात्र सांगतो, म्हणजे तिलाही उत्तर मिळेल.

दोन वर्षांपूर्वीचा जानेवारी. मी आणि अंबरनाथचा एक मित्र, शुक्रवारी लॉगआऊट करून निघालो. बारवी धरणावरून मुरबाड, टोकावडे, माळशेज घाट, मग खुबी फाट्यावरून आत खिरेश्वर. तिथल्या एका मामांना विचारून त्यांच्या शेतात तंबू लावला. माझ्याकडे नवी कोरी, ऑनलाईन मागवलेली बॅग होती. वजन सव्वा किलो, आणि पाकिटावर ठळक अक्षरात ‘उणे ५ अंश’. मी तर टी-शर्टवरच आत शिरलो.

दीड वाजता जाग आली ती दात वाजण्यानेच. जॅकेट घातलं, मोजे घातले, ग्लोव्ह्जसुद्धा घातले. मित्राचा छोटा थर्मामीटर पहाटे ६ अंश दाखवत होता. झोप शून्य. तशाच अवस्थेत सकाळी बाईक काढली, घाट उतरलो आणि मोरोशीच्या पुढे सरळ रस्त्यावर मला डुलकी लागली. पुढचं चाक डांबर सोडून साईडपट्टीच्या खडीवर गेलं तेव्हा डोळे उघडले. समोरून काही येत नव्हतं, एवढंच नशीब. टोकावड्याला चहा घेतला आणि तिथेच अर्धा तास बाकड्यावर आडवा झालो. म्हणून सांगतोय, बाईकवाल्यासाठी रात्रीची झोप ही चैनीची गोष्ट नाही. सकाळी हँडल धरायचं असतं.

घरी येऊन बॅगच्या आतल्या शिवणीतली चिंधी वाचली. तिथे बारीक अक्षरात तीन आकडे होते: कम्फर्ट ११, लिमिट ७, एक्स्ट्रीम उणे ५. पाकिटावर यातला तिसरा छापला होता!

हे आकडे येतात कुठून? युरोपमध्ये २००२ पासून यासाठी ईएन १३५३७ नावाचं मानक होतं, आता त्याच्या जागी आयएसओ २३५३७ आहे. सेन्सर लावलेला, शरीरासारखा गरम होणारा पुतळा बॅगमध्ये झोपवतात आणि किती उष्णता बाहेर जाते ते मोजतात. त्यावरून हिशोब निघतो. कम्फर्ट म्हणजे साधारण बाईमाणूस (मानकात ६० किलो, १.६० मीटर) निवांत पसरून रात्रभर झोपू शकेल ते तापमान. लिमिट म्हणजे ७३ किलोचा पुरुष पाय पोटाशी घेऊन, आखडून कसाबसा आठ तास काढेल ते. आणि एक्स्ट्रीम? तिथे झोपेचा प्रश्नच येत नाही. ती बाई ६ तास जीव धरून राहील, तेही हायपोथर्मियाचा धोका पत्करून. आम्ही कोडमध्ये ज्याला ‘क्रॅश व्हायच्या आधीची शेवटची पायरी’ म्हणू, ते इथे फीचर म्हणून विकतात. तुम्ही फक्त कम्फर्ट बघा. पोरगा असाल, अंगाने धडधाकट असाल, तरी कम्फर्टच बघा. आणि तीन आकडे दिलेलेच नसतील तर ती बॅग सोडून द्या.

मग किती कम्फर्ट हवा? इथे ॲपवर विसंबू नका. माझ्या ॲपवर त्या रात्री जुन्नरला १२ दिसत होतं. खिरेश्वर साधारण सातशे मीटरवर आहे, आणि दर हजार मीटरला हवा सरासरी साडेसहा अंशांनी गार होते. म्हणजे बदलापूरपेक्षा चार-साडेचार अंश उंचीनेच गेले. त्यात निरभ्र रात्री जमीन झपाट्याने गार होते, तिच्यावरची हवा गार आणि जड होते आणि खोलगट जागेत साचते. आमचा तंबू पिंपळगाव जोगा धरणाच्या पाण्याकडे उतरत्या, सगळ्यात खालच्या शेतात. व्ह्यू भारी होता ना! महाबळेश्वरला वेण्णा लेकपाशी दव गोठल्याचे फोटो येतात, तेव्हा गावातला पारा शून्याच्या बराच वर असतो, ते यामुळेच. तंबू पाण्यापासून दूर आणि थोडा चढावर लावा, फुकटात दोन-तीन अंश मिळतात.

सह्याद्रीतल्या थंडीला कम्फर्ट ५ च्या आसपासची बॅग पुरते. स्पिती-लडाखच्या स्वप्नासाठी उणे दहावाली घेऊ नका. भंडारदऱ्याला त्यात घामाने भिजाल, आणि मनाली-लेहला तशी बॅग भाड्याने मिळते.

आता आतलं भरण. डाऊन, म्हणजे बदक-हंसाची मऊ पिसं, वजनाला सगळ्यात हलकं. कम्फर्ट ५ ची डाऊन बॅग पाऊण-एक किलोत बसते, सिंथेटिक सव्वा ते दीड किलोच्या घरात जाते. डाऊनवर ६५०, ८०० असे आकडे असतात. एक औंस, म्हणजे २८ ग्रॅम पिसं, किती घन इंच फुगतात ते. जास्त फुगलं की जास्त हवा अडकते, आणि ऊब त्या हवेचीच असते. पण पिसं ओली झाली की चिकटून बसतात आणि ऊब गेली. आपल्याकडे धरणाकाठी सकाळी तंबू आतून-बाहेरून निथळत असतो. बाईकवर अर्धा किलो जास्त जड वाटत नाही, दाबून किती लहान होते ते जास्त महत्त्वाचं. म्हणून पहिली बॅग सिंथेटिक घ्या, असं माझं मत. सायकलवर जाणारे आणि गडावर चढवणारे डाऊनचा विचार करू शकतात. आकार मात्र ममी, पायाकडे निमुळता आणि डोक्याला टोपी असलेला. चौकोनी बॅगमध्ये रिकामी जागाही तुम्हालाच गरम करावी लागते.

खरी चूक माझी वेगळीच होती, ती मामांनी सकाळी एका नजरेत ओळखली. माझ्या बॅगखाली फक्त तंबूचं कापड. म्हणाले, “पोरा, खालनं गार लागतंय, वरनं कितीबी पांघर!” आणि भाताच्या पेंढ्याकडे बोट दाखवलं, “सांगितलं असतं तर आंथरायला दिला असता की.”

बरोबर होतं त्यांचं. अंगाखालचं भरण आपल्या वजनाने चपटं होतं, त्यात हवा राहत नाही. लॅबमध्ये बॅग तपासतात तेव्हाही पुतळ्याखाली चांगली मॅट असते. मॅटच्या आकड्याला आर-व्हॅल्यू म्हणतात. घडीच्या फोम मॅटचा साधारण २ असतो, आपल्या थंडीला तो चालतो. हवेची साधी गादी मऊ लागते, पण आत भरण नसेल तर पाठ गारच. बजेट कमी असेल तर आधी मॅट घ्या.

ती जुनी बॅग मी टाकली नाही. उल्हासनगरच्या गजानन मार्केटमधून फ्लीसचं कापड आणलं, बिल्डिंगखालच्या शिंपीकाकांकडून पिशवीसारखं लायनर शिवून घेतलं. “बाळासाठी का?” म्हणाले. मग माप बघून हसले. डिसेंबरात गच्चीवर मॅट, लायनर आणि बॅग घेऊन झोपलो, पहाटे १३ अंशांत मस्त झोप. तुम्हीही नवी बॅग आधी गच्चीवर वापरून बघा. गार लागलं तर जिना उतरून घरात.

यंदा पुन्हा खिरेश्वर, तेच शेत, पण वरची कड. कोरडे कपडे वेगळे ठेवले होते, कारण रायडिंगचे कपडे घामाने ओले असतात. जेवून लगेच झोपलो, स्टीलच्या बाटलीत गरम पाणी भरून मोज्यात घालून पायाशी. तोंड बॅगच्या बाहेर, नाहीतर श्वासाची वाफ आतच मुरते. तंबूची खिडकी थोडी उघडी. सात वाजता मामांनी हाक मारली तेव्हा उठलो.

परतताना मात्र मित्राने बॅग उजवीकडे, सायलेन्सरच्या वर बांधली. मुरबाडपर्यंत नायलॉनला मुठीएवढं भोक. तुम्ही मागच्या सीटवर आडवी बांधा, आणि घरी गेल्यावर दाबून ठेवू नका, कपाटात मोकळी सोडा.