उन्हाळ्यातील फळांची कोशिंबीर

चैत्र सरून वैशाख लागला की लोणार-मेहकर भागातील आठवडी बाजारांत टरबुजांचे ढीग दिसू लागतात. त्याच सुमारास पारा चाळीस अंशांच्या पुढे गेलेला असतो, शेतात नांगरटीची व काडीकचरा वेचण्याची कामे चालू असतात, आणि दुपारच्या भाकरीवरची वासना उडालेली असते. अशा दिवसांत रसाळ फळ पोटास रुचते, हे कोणास सांगावयास नको. परंतु हेच फळ अस्वच्छ पाण्याने, अनोळखी बर्फाने किंवा केवळ उशीर झाल्याने हगवणीचे कारण होऊ शकते. गावपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना ही गोष्ट घरोघरी पटवून देता यावी, या हेतूने फळांच्या कोशिंबिरीची कृती व तिच्यामागील कारणे येथे दिली आहेत.

फळांची कोशिंबीर हा प्रकार परका नाही. केळ्याची व डाळिंबाची कोशिंबीर आपल्या स्वयंपाकात पूर्वीपासून आहे. लग्नकार्यात मिळणारे ‘फ्रूट सॅलड’ मात्र निराळे. ते दुधात केलेले असते व बर्फ आणि शीतपेटी यांच्यावाचून ते टिकत नाही. मे महिन्यात मांडवात चार-पाच तास उघडे राहिलेले दुधाचे फ्रूट सॅलड खाण्यापेक्षा न खाणे बरे, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. शिवाय मोसंबी, संत्रे, द्राक्षे यांच्या आंबटपणाने दूध फाटते, व पपई दुधात राहिली तर काही वेळाने कडवटपणा येतो. म्हणून आपण येथे बिनदुधाच्या कोशिंबिरीचाच विचार करू.

कोणती फळे घ्यावीत हे महिन्यावर अवलंबून असते. मृग बहराची संत्री व मोसंबी फेब्रुवारीपासून साधारण एप्रिलपर्यंत मिळतात. जालन्याची मोसंबी आपल्या हद्दीलगतच पिकते. द्राक्षांचा हंगामही एप्रिलमध्ये आटोपतो. त्यापुढे टरबूज, खरबूज व आंबा यांची वेळ येते. पपई व केळी बाराही महिने असतात. सफरचंद किंवा परदेशी किवी यांच्यावाचून कोशिंबीर होत नाही, ही समजूत शहरातील उपाहारगृहांनी पसरविलेली आहे, तिला भुलू नये. टरबुजात शेकडा ९२ भाग पाणी असते, खरबुजात सुमारे ९० व पपईत ८८. पपई व आंबा यांतून ‘अ’ जीवनसत्त्वाचे मूलद्रव्य, तर मोसंबी व लिंबातून ‘क’ जीवनसत्त्व मिळते. केळ्यात पाणी कमी, परंतु पोटास आधार देणारा अंश पुष्कळ असतो. यावरून कोशिंबिरीत टरबूज-खरबूज अधिक, पपई मध्यम व केळी थोडी असे प्रमाण असावे, हे सहज लक्षात येईल.

लोणारचे सरोवर खारट व अल्कधर्मी पाण्याचे म्हणून जगास ठाऊक आहे. पण विवराच्या कडेवरील धार व उतारावरील झरे गोड्या पाण्याचे आहेत. या गोड्या पाण्यावर विवरात पूर्वी केळी व पपई घेतली जात असे. इ. स. २००० मध्ये हा परिसर अभयारण्य घोषित झाला व २०२० मध्ये त्याचा रामसर स्थळांत समावेश झाला. तेव्हा आता फळांसाठी विवराबाहेरच्या मळ्यांकडेच पाहावयाचे, आणि उतारावरील सीताफळे पाखरांसाठी ठेवावयाची.

आता फळाच्या निवडीविषयी. टरबूज पिकल्याची खूण म्हणजे देठाजवळची तणावणी सुकलेली असते, जमिनीवर टेकलेला भाग पांढरा न राहता पिवळसर झालेला असतो, व बोटाने ठोकल्यास बद्द आवाज येतो. खरबूज पिकले की वेलापासून सहज सुटते व देठाशी गोड वास येतो. पपई निम्म्याहून अधिक पिवळी झालेली घ्यावी. आंबा व केळी कॅल्शियम कार्बाइडने पिकविलेली नसावीत; या पद्धतीस कायद्याने बंदी आहे.

परंतु शेतकऱ्याच्या घरी येणारे फळ बाजारातून निवडून आणलेले नसते, ही खरी अडचण आहे. चांगले फळ गाडीत जाते व तडकलेले, उंदराने कुरतडलेले किंवा फेकाफेकीत फुटलेले घरी राहते. मग ‘तेवढा भाग कापून टाकला की झाले’ असे म्हणून ते मुलांपुढे ठेवले जाते. हे अत्यंत घातक आहे. टरबुजाची साल ही जंतूंना अडविणारी भिंत आहे. ती एकदा तडकली की मातीतील व शेणखतातील जंतू आतल्या गोड, ओलसर गरात शिरतात व उन्हाच्या उबेत काही तासांतच अनेक पटींनी वाढतात. गर लालभडक दिसतो, चवही बिघडलेली नसते. म्हणूनच फसगत होते. तडकलेले फळ जनावरांना घालावे किंवा खतखड्ड्यात टाकावे. याउलट वेडेवाकडे, आकाराने लहान किंवा एका बाजूने उन्हाने डागलेले, पण साल अखंड असलेले फळ बाजारात कमी भावाने जाते. ते घरासाठी खुशाल ठेवावे. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागू झाली, तेव्हा ऐन तोडणीस आलेली टरबुजे व खरबुजे विकावयाची कोठे, असा प्रश्न राज्यातील अनेक उत्पादकांपुढे उभा राहिला होता. सर्व क्षेत्रावर एकाच दिवशी लागवड न करता दहा-पंधरा दिवसांच्या अंतराने दोन-तीन टप्प्यांत केल्यास तोडणी विभागली जाते, आणि घरातही महिना-दीड महिना ताजे फळ राहते.

फळ कापण्यापूर्वी ते धुणे आवश्यक आहे. सोलावयाचे असले तरीही. सालीवर जंतू असल्यास सुरी त्यांना गरापर्यंत नेते. धुण्यासाठी टीसीएल पावडरने शुद्ध केलेले किंवा उकळून निवविलेले पाणी वापरावे. सुरी, पाट, पातेले व हात साबणाने धुवावेत. ज्यास त्या दिवशी हगवण असेल किंवा हातास जखम असेल, त्याने फळे कापू नयेत.

बर्फाविषयी विशेष सावधगिरी हवी. बाजारात मिळणारा लादीचा बर्फ मासळी व दूध यांचे डबे थंड ठेवण्यासाठी केलेला असतो. तो पिण्याच्या पाण्याचा असेलच असे नाही. खाण्यास अयोग्य अशा बर्फात निळा रंग मिसळावा, असा नियम राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये लागू केला. निळसर बर्फ दिसल्यास तो अन्नास लावू नये. आणि बर्फावाचून चालते, हे पुढे दिसेल.

वैशाखातील हवा अत्यंत कोरडी असते, आणि कोरड्या हवेत पाणी झपाट्याने उडते. उडताना ते भांड्यातील उष्णता घेऊन जाते. माठातले पाणी याच कारणाने गार होते, वाळ्याचे ताटे व कूलरही याच तत्त्वावर चालतात. आदल्या संध्याकाळी अखंड फळे धुवून, ओल्या स्वच्छ गोणपाटात गुंडाळून, वारा येईल अशा सावलीच्या जागी ठेवावीत व गोणपाटावर दोन-तीन वेळा पाणी शिंपडावे. सकाळी फळ हातास चांगले गार लागते. कापण्याआधी गार केलेले फळ, कापल्यानंतर गार करावयाच्या फळापेक्षा अधिक चांगले. कारण फोडी जेवढ्या कमी वेळ उघड्या राहतील तेवढ्या बऱ्या.

ज्यांच्याकडे फळभाज्या व फळे नेहमी असतात, त्यांनी शून्य ऊर्जा शीतकक्ष बांधण्याचा विचार करावा. दिल्ली येथील भारतीय कृषी अनुसंधान संस्थेत गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकात हा विकसित झाला. सावलीच्या, उंच जागी विटांचा सुमारे १६५ सेंटिमीटर लांब व ११५ सेंटिमीटर रुंद ओटा करून त्यावर विटांच्या दोन भिंती उभारतात. दोहोंमधील साडेसात सेंटिमीटरच्या फटीत वाळू भरून ती सकाळ-संध्याकाळ भिजवितात व वर ओल्या गोणपाटाचे झाकण घालतात. वीज लागत नाही. विदर्भातील उन्हाळ्यात आतील तापमान बाहेरच्यापेक्षा दहा ते पंधरा अंशांनी उतरू शकते.

दहा माणसांसाठी पुढील प्रमाण घ्यावे. टरबुजाच्या सोललेल्या फोडी एक किलो, खरबूज अर्धा किलो, पपई अर्धा किलो, चार केळी, चार मोसंबी किंवा दोन पिके आंबे, दोन मोठी लिंबे, दोन-तीन चमचे साखर किंवा बारीक केलेला गूळ, अर्धा चमचा मीठ, चमचाभर भाजलेल्या जिऱ्याची पूड व मूठभर धुतलेला पुदिना.

प्रथम पातेल्यात लिंबाचा रस पिळावा. मोसंबीच्या फोडी पांढरी साल व बिया काढून घालाव्यात. बी चावली गेल्यास सर्व कोशिंबीर कडू लागते. मग पपई व खरबूज घालून हलक्या हाताने कालवावे. केळी त्यानंतर कापावीत व कापताक्षणीच लिंबाच्या रसात घोळवावीत. कापलेले केळे हवेतील प्राणवायूच्या संपर्काने काळे पडते. लिंबातील आम्ल ही क्रिया मंदावते. टरबूज सर्वांत शेवटी, कारण ते लवकर पाणी सोडते. साखर व मीठ तर वाट्या भरण्याच्या वेळीच घालावे. मीठ व साखर फोडीतील पाणी बाहेर ओढतात. अर्धा तास आधी घातल्यास फोडी मऊ पडून खाली नुसते सरबत उरते. फळे पुरेशी गोड असल्यास साखर मुळीच घालू नये. वरून जिरेपूड व पुदिना पेरावा.

लिंबाचा उपयोग रंगापुरताच नाही. मोसंबी, संत्रे ही आंबट फळे असल्याने त्यांत जंतूंची वाढ सहसा मंद होते. टरबूज, खरबूज व पपई यांत आम्ल फार थोडे असते, त्यामुळे ती कापल्यावर जंतूंना मोकळे रान मिळते. लिंबाने थोडे संरक्षण होते, परंतु त्यावर विसंबून राहू नये. बाहेर तापमान ३२ अंशांच्या वर असताना कापलेली फळे तासाभरात संपवावीत. दुपारी मजुरांसाठी शेतात न्यावयाची असल्यास अखंड फळे, धुतलेली सुरी, झाकणाचे पातेले व लिंबे न्यावीत आणि कोशिंबीर झाडाखालीच करावी. घरून कापून नेलेला डबा उन्हात तीन तास राहिला, तर तो विटल्याची खूण दिसण्याची वाट पाहू नये.

मधुमेह असणाऱ्यांनी केळी व आंबा वगळून साखर न घालता एक लहान वाटी घ्यावी. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारावे. आणखी एक गोष्ट कार्यकर्त्यांनी आवर्जून सांगावी. कोशिंबीर हा ऊन लागल्यावरचा उपचार नव्हे. ज्यास ग्लानी आली आहे, बोलणे असंबद्ध झाले आहे, अंग तापले आहे, त्यास सावलीत नेऊन अंगावर पाणी मारावे व तत्काळ आरोग्य केंद्रात न्यावे. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात काहीही घालू नये. हगवण लागल्यास एक लिटर शुद्ध पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून ते थोडे थोडे पाजावे.

बचत गटात किंवा अंगणवाडीत प्रात्यक्षिक द्यावयाचे झाल्यास सकाळी दहाच्या आत द्यावे. दोन ताटल्यांत केळ्याच्या चकत्या ठेवून एकीवर लिंबू पिळावे, दुसरी तशीच ठेवावी, आणि अर्ध्या तासाने दोन्ही फिरवून दाखवाव्यात. तसेच एका वाटीत मीठ आधी व दुसरीत शेवटी घालून तळाशी साचलेले पाणी दाखवावे. व्याख्यानापेक्षा या चार भांड्यांनी अधिक काम होते.

टरबुजाचा सालीजवळचा पांढरा गर टाकू नये. हिरवी साल काढून त्याची भाजी किंवा थालीपीठ होते, आणि उरलेली साल जनावरे आवडीने खातात. मृगाच्या सरी पडून हवा दमट झाली, की ओल्या गोणपाटाने फळ पूर्वीसारखे गार होत नाही व माश्याही वाढतात. त्यावेळी कापलेल्या फळांची कोशिंबीर बंद करून जांभळांसारखी अखंड फळे धुवून खावीत.